बोअरचे जड पाणी, सॉफ्टनर आणि मुतखडा

उन्हाळा लागला की भडगाव आणि आसपासच्या खेड्यांतून मुतखड्याचे रोगी अधिक येऊ लागतात. कळ थांबली की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, “डॉक्टरसाहेब, बोअरच्या पाण्यानेच झाला ना? घरी सॉफ्टनर बसवू का?” यंत्र महाग असते. म्हणून ते काय करते आणि काय करत नाही, हे आधी समजून घ्यावे.

आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्यातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात आणि पाणी जड होते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉईलवर पांढरा थर बसतो. भारतीय मानक ब्युरोच्या 2012 च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो.

जड पाण्यामुळे मुतखडा होतो, असे सिद्ध झालेले नाही. उन्हात घाम जातो, शेतात पाणी कमी प्यायले जाते, लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. उलट जेवणातील कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला बांधून ठेवते. त्यामुळे दूध-ताक बंद करू नये. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा किडनीच्या रोग्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात व त्याबदली पाण्यात सोडियम सोडतात. जडपणा 500 असेल, तर मऊ केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम वाढते. असे तीन लिटर पाणी प्यायले तर जवळजवळ पावणेदोन ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एकूण 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणून ब्लडप्रेशर, हृदय व किडनीच्या रोग्यांनी हे पाणी पिऊ नये. स्वयंपाकघराचा नळ वेगळाच ठेवावा.

सॉफ्टनर जंतू मारत नाही, नायट्रेटही काढत नाही. कावीळ, हगवण टाळण्यासाठी पाणी उकळणे किंवा क्लोरीन टाकणे आवश्यकच आहे. उकळल्याने काही जडपणाही तळाशी बसतो. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही. काहीजण मुलांच्या इसबासाठी यंत्र घेतात. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या 336 मुलांवर झालेल्या अभ्यासात (2011) सॉफ्टनरने विशेष फायदा दिसला नाही.

मग घ्यायचे कोणी? कपडे, आंघोळ, गिझर व वॉशिंग मशीन यांचा त्रास असेल त्यांनी जरूर घ्यावे. पण पुढील गोष्टी पाहूनच.

1) आधी प्रयोगशाळेतून जडपणा, एकूण क्षार व नायट्रेट तपासून घ्यावे. विक्रेत्याच्या तपासणीवर विसंबू नये.

2) आकाराचा हिशेब करावा. पाच माणसांना रोज 500 लिटर पाणी व जडपणा 500 असेल, तर रोज 250 ग्रॅम क्षार काढावे लागतात. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम क्षार धरते. म्हणजे 20 लिटर रेझिन चार दिवस पुरेल. नंतर ते मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. त्याला दर वेळी दोन-तीन किलो मीठ लागते, हा खर्चही धरावा.

3) धुतलेले खारे पाणी परसबागेत किंवा झाडांना सोडू नये, जमीन खराब होते.

4) ज्यात रेझिन व मीठ नाही, अशी चुंबकाची यंत्रे पाण्यातील क्षार काढत नाहीत. जाहिरातीला भुलू नये.

थोडक्यात, सॉफ्टनर हे साबण व गिझर वाचवणारे यंत्र आहे. मुतखडा टाळायचा असेल, तर शेतात जाताना पाण्याचा कॅन भरून न्यावा आणि संध्याकाळी तो रिकामा करूनच घरी यावे.