भिंतीतला खोटा जाळ, वायरमधला खरा भार

पुण्यात खराडीच्या नव्या टॉवरमध्ये बेडरूमची एक भिंत सजवायची, वर टीव्ही आणि खाली इलेक्ट्रिक फायरप्लेस बसवायची, ही हौस आता बरीच दिसते. काही जण ती स्वतःच्या हातानं पुरी करतात, आणि का करू नये? फ्रेम उभी करणं, प्लाय कापणं, पॅनेल चिकटवणं ही शिकून जमणारी कामं आहेत. अडचण एवढीच की माणसं भलत्याच गोष्टीला घाबरतात आणि जपायचं तिथे बेफिकीर राहतात.

पहिली भीती धुराची आणि प्राणवायू संपण्याची. काचेमागे नाचतो तो एलईडीचा उजेड. जळत काहीच नाही, म्हणून चिमणीही लागत नाही. प्राणवायू खर्च होतो तो बायोइथेनॉलच्या शेगडीत, कारण तिथे ज्योत खरी असते. दोन्ही वस्तू दिसायला सारख्या, म्हणून घोळ होतो. हीटर लावल्यावर घसा कोरडा पडतो, त्याचं कारण वेगळं आहे. १४ अंशांची, ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा २२ अंशांवर नेली की बाष्प तेवढंच राहतं, पण सापेक्ष आर्द्रता ३६ टक्क्यांवर येते.

‘शोभेची वस्तू, वीज कितीशी खाणार?’ हेही अर्धसत्य. नुसत्या ज्वाळा चालवल्या तर २० वॅटच्या आसपास. हीटर चालू केला की १५०० ते २००० वॅट. १५०० वॅटचा हीटर रोज चार तास चालला तर महिन्याला १८० युनिट होतात, आणि महावितरणचा दर वापराच्या टप्प्यानुसार चढत जातो. पुण्याच्या थंडीत साधारण बेडरूमला हजार वॅट पुरेत, असं माझं मत.

खरा धोका सॉकेटमध्ये आहे. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर. टीव्हीचा पॉइंट बहुधा ६ अँपिअरचा असतो. मग जाड पिन बसत नाही म्हणून कन्व्हर्टर लावला जातो किंवा एक्स्टेंशन बोर्ड पॅनेलमागे सरकवला जातो. ‘एमसीबी आहे ना, पडेल’ हा यातला सर्वांत घातक समज. एमसीबी जादा प्रवाह ओळखतो, सैल पिनेची उष्णता नाही. प्रवाह मर्यादेत असतो, एमसीबी गप्प असतो आणि सॉकेटचं पांढरं प्लास्टिक भोकाभोवती पिवळं, मग तपकिरी होत जातं. पॅनेलमागे ते कुणाला दिसणार? म्हणून डीबीपासून, म्हणजे घरातल्या वीज-वितरण पेटीपासून, स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, आणि तेही बाजूला, हात पोहोचेल असं. डीबीत गळतीचा प्रवाह ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावं. हौसेची हद्द इथे संपते. हीटरवर आयएसआय चिन्ह पाहूनच खरेदी करावी.

आता प्लाय. दुकानदार ‘मरीन प्लाय आहे, बिनधास्त वापरा’ म्हणतो. पण आयएस ७१० हे मानक पाण्यासाठी आहे. आगीला लवकर दाद न देणाऱ्या प्लायचं मानक आयएस ५५०९. पट्ट्यापट्ट्यांची लोकप्रिय चारकोल पॅनेलं पॉलिस्टायरिनची असतात, पीव्हीसी तर ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. गरम हवेच्या झोताजवळ दोन्ही नकोत. तिथे सिमेंट बोर्ड लावावा.

भिंत ठोकून पाहावी. मायवन पद्धतीची असेल तर ती सगळी काँक्रीटची असते. तिच्यात वायरसाठी खाच मारू नये, सळया उघड्या पडतात. वायर फ्रेमच्या पोकळीतून न्यावी. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या, भिंतीत साधा प्लग टीव्हीचं वजन पेलेल याची खात्री नाही. त्या ब्लॉकसाठीचे खास लांब फास्टनरच वापरावेत. आणि पलीकडे बाथरूम असेल तर नळाची पाइपलाइन कुठून गेली आहे ते आधी सोसायटीच्या नकाशात पाहावं.

राहिला टीव्ही. बहुतेक टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. झोत समोर फेकणारं मॉडेल घ्यावं, वर फेकणारं नको, आणि मध्ये पुढे आलेली फळी द्यावी. शेवटची पॅनेलं चिकटवण्याआधी हीटर तासभर पूर्ण क्षमतेवर चालवावा, टीव्हीच्या खालच्या कडेपाशी थर्मामीटर धरावा. ४० च्या वर आकडा गेला तर टीव्ही वर सरकवायचा किंवा फळी आणखी पुढे काढायची.