खिशातील कॅमेरा आणि आपली जबाबदारी



मोबाइलवर चित्रपट तयार होऊ शकतो, हे आता नवल राहिलेले नाही. दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक पार्क चान-वूक यांनी आपल्या बंधूंसह ‘नाइट फिशिंग’ हा लघुपट आयफोन ४ वर चित्रित केला. २०११ साली बर्लिन महोत्सवात त्यास सर्वोत्कृष्ट लघुपटाचे ‘गोल्डन बेअर’ पारितोषिक लाभले. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या माहितीपटाचे काम पैशाअभावी अडले, तेव्हा दिग्दर्शक मलिक बेंजेलुल यांनी उरलेली काही दृश्ये फोनवर टिपली. २०१३ साली त्या माहितीपटास ऑस्कर मिळाले.

चित्रपटाशी आपले नाते जुने आहे. दादासाहेब फाळके यांना प्रेरणा मिळाली ती मुंबईत पाहिलेल्या प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपटातून. पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी ‘इंटर मिरिफिका’ हा आदेश प्रसृत करून चित्रपटादी माध्यमांचा सुयोग्य वापर करण्यास ख्रिस्तसभेला सांगितले. १९६७ पासून जागतिक संपर्कमाध्यम दिनही पाळला जातो.

मग या साधनाचा आपण कोणता उपयोग करावा? आमच्या मते पहिले काम आपल्या वडीलधाऱ्यांचे बोल जतन करण्याचे आहे. वसईची सामवेदी व वाडवळी बोली, लग्नातील गाणी, जुन्या प्रार्थना, शेतीवाडीच्या आठवणी या बहुतांशी मुखोद्गत आहेत. त्या जाणणारी एक व्यक्ती देवाघरी गेली की तिच्याबरोबर पुष्कळ काही जाते. ही हानी नंतर कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही.

चित्रीकरणापूर्वी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. प्रेक्षक अस्पष्ट चित्र एक वेळ सहन करतो, अस्पष्ट आवाज मात्र सहन करीत नाही. फोनचा माइक सभोवतालचे सर्व आवाज टिपतो, म्हणून पंखा बंद करावा व बोलणाऱ्याच्या जवळ जावे. कॉलर माइक नसल्यास दुसरा फोन त्यांच्याजवळ ठेवून त्यावर ध्वनिमुद्रण करावे. आरंभी एकदा टाळी वाजवावी, म्हणजे संकलनाच्या वेळी चित्र व आवाज जुळविणे सोपे जाते. बोलणाऱ्यास खिडकीकडे पाठ करून बसवू नये, अन्यथा चेहरा काळवंडतो. फोन आडवा व स्टँडवर स्थिर असावा. झूम करण्याऐवजी स्वतः पुढे सरकावे, कारण डिजिटल झूमने चित्राचा दर्जा खालावतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ चौकटी व १/५० शटर ठेवल्यास दिव्यांची लुकलुक सहसा टळते. फोन ‘एअरप्लेन मोड’वर ठेवावा आणि काम संपताच फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी जपाव्यात.

तंत्राइतकीच मर्यादाही महत्त्वाची आहे. पवित्र मिस्सा हा देखावा नव्हे. तेथे चित्रीकरण करावयाचे झाल्यास प्रमुख धर्मगुरूंची अनुमती घ्यावी आणि वेदीभोवती फिरू नये. आजारी, शोकाकुल वा अश्रू ढाळणाऱ्या माणसाचे चित्रण त्याच्या संमतीविना करू नये. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावे. संमती दोनदा घ्यावी, एकदा चित्रीकरणापूर्वी आणि पुन्हा प्रसारणापूर्वी. आजीने नातवाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट साऱ्या गावाला ऐकविण्यासाठी असेलच असे नाही. संकलन करताना तिचे वाक्य अर्धे तोडून अर्थ बदलणे ही असत्य साक्षच होय.

धर्मग्रामातील तरुण-तरुणींना आमची विनंती आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर घरातील ज्येष्ठांपाशी अर्धा तास बसा. प्रथम फोन बाजूला ठेवून ऐका, मग परवानगी मागा आणि त्यानंतरच कॅमेरा सुरू करा. प्रभू आपणां सर्वांस आशीर्वादित करो.