पावणेचार लाख डॉलरांची मोटार



मोटारीविषयीं बोलावयास मी येथें बसलों आहें याचें आमच्या घरांत सर्वांनाच नवल वाटलें. माझी सारी हयात शाळेंत अंकगणित व भूगोल शिकविण्यांत गेली, आणि त्या काळांत सायकलीपलीकडे कोणतेंहि वाहन मीं स्वतः चालविलें नाहीं. परंतु गेल्या दिवाळींत पुण्याच्या एका मोटार-कारखान्यांत काम करणारा माझा जुना विद्यार्थी भेटावयास आला असतां त्यानें मजपुढें एक प्रश्न टाकला. “गुरुजी, लेक्ससनें एल. एफ्. ए. म्हणून एक गाडी काढली होती. तिची किंमत पावणेचार लाख डॉलर. ती रास्त होती काय? आमच्या कारखान्यांत यावरून दोन तट पडले आहेत.” त्यानें तो प्रश्न थोड्या थट्टेनेंच विचारला असावा. पण अमुक किंमत रास्त कीं गैररास्त हा प्रश्न अखेर हिशेबाचा आहे, आणि हिशेबाच्या मास्तराला तो टाळतां येत नाहीं.

प्रथम वस्तु काय होती तें सांगतों. लेक्सस हें जपानच्या टोयोटा कंपनीच्या उंची गाड्यांचें नांव. या गाडीचें काम २००० सालाच्या सुमारास सुरू झालें, आणि तयार गाडी लोकांना दिसली ती २००९ च्या ऑक्टोबरांत, टोकियोच्या मोटार-प्रदर्शनांत. डिसेंबर २०१० पासून डिसेंबर २०१२ पर्यंत मोतोमाची येथील कारखान्यांत दिवसाला सुमारें एक या बेतानें ती हातानें जुळविली जात असे. एकंदर गाड्या ५०० च करावयाच्या असें आधींच जाहीर झालें होतें आणि तेवढ्याच केल्या. दोन माणसें बसतील एवढीच जागा; एंजिन दहा सिलिंडरांचें, ४·८ लिटरांचें, साडेपांचशेंहून थोड्या अधिक अश्वशक्तीचें; कमाल वेग ताशीं ३२५ किलोमीटर. अमेरिकेंत किंमत ३,७५,००० डॉलर. त्या वेळच्या भावानें आपले सुमारें एक कोट सत्तर लाख रुपये झाले.

आतां ही किंमत निव्वळ वेगाच्या मापानें मोजून पाहूं. त्याच सुमारास जपानांतीलच निस्सान कंपनी जी. टी. आर्. नांवाची गाडी करीत असे. २००८ सालीं ती अमेरिकेंत विकावयास आली तेव्हां तिची किंमत सत्तर हजार डॉलरांच्या आंत होती. ती लेक्ससहून अडीचशें किलोंनीं जड. एंजिनहि सहाच सिलिंडरांचें. पण त्यास धुराच्या जोरानें फिरणारे दोन पंखे जोडलेले होते आणि चारहि चाकांना शक्ति मिळत असे. जागच्या जागेवरून ताशीं शंभर किलोमीटरचा वेग घ्यावयास लेक्ससला पावणेचार सेकंद लागत. निस्सानला त्याहून अधिक लागत नसत.

जर्मनींत नूर्बुर्गरिंग नांवाचा एक वळणावळणांचा, चढउतारांचा मोटारीचा रस्ता आहे. एक फेरी सुमारें २०·८ किलोमीटरांची. गाडीची खरी परीक्षा तेथें होते असें जाणते मानतात. २००९ सालीं निस्साननें ही फेरी ७ मिनिटें २६·७ सेकंदांत केली. लेक्ससनें त्या रस्त्याचेंच नांव देऊन ५० गाड्या अधिक तीव्र बनविल्या, किंमत ४,४५,००० डॉलर. त्यांपैकीं एकीनें २०११ सालीं ७ मिनिटें १४·६४ सेकंदांत फेरी पुरी केली. म्हणजे वांचले बारा सेकंद, आणि किंमतींतील फरक सुमारें तीन लाख सत्तर हजार डॉलर. दर सेकंदास एकतीस हजारांच्या आसपास डॉलर पडले! शिवाय हें श्रेष्ठत्वहि फार काळ टिकलें नाहीं. २०१३ सालीं निस्सानच्याच एका सुधारलेल्या गाडीनें ७ मिनिटें ८ सेकंदांची वेळ दिली, आणि तिची किंमत लेक्ससच्या निम्म्याहून कमी होती. तेव्हां जो केवळ वेगासाठीं पैसा मोजणार, त्याच्या बाबतींत ही किंमत गैररास्त होती, असा निकाल मी निःशंकपणें देतों. माझ्या विद्यार्थ्याच्या कारखान्यांतील एका तटाचें म्हणणें एवढेंच होतें, आणि तें खोटें नाहीं.

तथापि दुसऱ्या तटाचें म्हणणें समजून घ्यावयाचें तर गाडीच्या अंगाकडे पाहिलें पाहिजे. आरंभीं तिचा सांगाडा अल्युमिनियमचा योजिला होता. त्यावर कांहीं वर्षें काम झाल्यावर मुख्य अभियंते हारुहिको तानाहाशी व त्यांच्या मंडळींनीं तो बाजूस सारला आणि कार्बनच्या तंतूंचा सांगाडा करावयाचें ठरविलें. कार्बनचे हे तंतु केसाहून बारीक असतात. ते विणून, राळेंत भिजवून व तापवून घट्ट केले म्हणजे अल्युमिनियमहून हलका आणि तरीहि अत्यंत ताठ असा पदार्थ मिळतो. गाडीचें वजन त्यायोगें सुमारें शंभर किलोंनीं उतरलें. पण हा पदार्थ बाहेरून विकत न घेतां टोयोटानें तो स्वतः करावयास शिकावें असें ठरलें, आणि मग छपराच्या कडेचे पोकळ खांब विणण्यासाठीं गोल माग उभारावा लागला.

माग हा शब्द येथें ऐकला आणि मला मौज वाटली. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिचि टोयोडा हे मागाचेच शोधक होते. धागा तुटतांच आपोआप थांबणारा त्यांचा स्वयंचलित माग १९२४ सालीं पुरा झाला, आणि १९२९ सालीं इंग्लंडांतील प्लॅट ब्रदर्स या यंत्रें करणाऱ्या कंपनीनें त्याचे हक्क एक लाख पौंडांस घेतले. या प्लॅट ब्रदर्सचीं यंत्रें मुंबईच्या गिरण्यांतहि होतीं. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनीं पुढें मोटारीचा उद्योग आरंभिला. म्हणजे मागावांचून ज्यांची मोटार जन्मासच येती ना, त्यांच्याच कारखान्यांत ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनीं मोटारीसाठीं पुन्हा माग आला.

दुसरी गोष्ट आवाजाची. आणि येथें मी जरा अधिक रेंगाळणार आहें, कारण माझा नातू या गाडीचा आवाज मला पुनःपुन्हा ऐकवितो. एंजिन टोयोटानें यामाहाच्या साह्यानें केलें. यामाहा हें नांव आपल्याकडे मोटारसायकलीमुळें सर्वतोमुखीं आहे. पण त्या घराण्याचा उगम वाद्यांत आहे. १८८७ सालीं हामामात्सु गांवच्या प्राथमिक शाळेंतील ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करावयाचें काम तोराकुसु यामाहा यांच्याकडे आलें, आणि त्यांतून त्यांनीं स्वतःचा ऑर्गन बनविला. आपल्या संगीत रंगभूमीवर ज्या वाद्यानें पिढ्यान्‌पिढ्या साथ केली, तेंच हें वाद्य. त्या यामाहाच्या वाद्य-विभागांतील ध्वनितज्ज्ञांनीं या मोटारीचा आवाज जुळविला. एंजिनांत हवा ओढली जात असतां जो नाद निघतो, तो नळ्यांच्या वाटेनें बसणाऱ्याच्या कानापर्यंत आणला.

आतां थोडें गणित. हें एंजिन मिनिटास ९,००० फेरे घेई, म्हणजे सेकंदास दीडशें. प्रत्येक सिलिंडरांत दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, सिलिंडर दहा, म्हणून दर फेऱ्यास पांच आणि सेकंदास साडेसातशें स्फोट. सेकंदास साडेसातशें आंदोलनें म्हणजे काय, हें पेटीवाल्यास विचारा. तार सप्तकांतील काळी तीन जवळ जवळ तेथेंच बोलते. मोटार पूर्ण वेगानें फिरूं लागली कीं ती गुरगुरत नाहीं, खरोखर एक स्वर लावते. आंतील दांडे व झडपा टिटेनियमच्या, हलक्या, असल्यामुळें सावकाश फिरणारें एंजिन या नऊ हजारांवर ०·६ सेकंदांत चढे. साधा कांटा एवढ्या त्वरेनें फिरूं शकेना. म्हणून फेऱ्यांचें मोजमाप दाखविण्यासाठीं कांट्याचें चित्र उमटणारा पडदा बसवावा लागला.

आमच्या शाळेंत एक जुनी पेटी होती. ती दुरुस्त करावयास तालुक्याहून एक कारागीर येई. एका पातीपायीं तो सबंध दुपार घालवी आणि पातीच्या किंमतीच्या आठपट पैसे मागे. आमचे मुख्याध्यापक दर खेपेस कुरकुरत. पण प्रार्थनेच्या वेळीं पेटी वाजली म्हणजे पुन्हा त्यालाच बोलवीत. नव्या पेटीविषयींचा ठराव मात्र कधीं झाला नाहीं.

गाडींत उणें कांहींच नव्हतें असें नव्हे. गीअर बदलण्याची तिची व्यवस्था एकाच क्लचची, म्हणजे त्या काळींहि जुन्या वळणाची होती. इतर कंपन्यांनीं दोन क्लचांची अधिक सफाईदार पद्धत स्वीकारली होती. गीअर पडल्याचा धक्का चालविणाऱ्यास जाणवावा म्हणून ती मुद्दाम ठेवली असें कर्ते म्हणत. एवढी किंमत घेतल्यावर हा खुलासा पुरेसा आहे असें मला वाटत नाहीं. शहरांतील गर्दींत हळू चालतांना तो धक्का मालकास नकोसाच होई.

आतां मूळ हिशेब. ५०० गाड्या गुणिले ३,७५,००० डॉलर म्हणजे अठरा कोट पंचाहत्तर लाख डॉलर. विशेष गाड्यांचे वाढीव पैसे धरले तरी बेरीज फारशी हलत नाहीं. हा झाला सारा वसूल. यांतून विक्रेत्यांचा वाटाहि जावयाचा. एखादी साधी नवी गाडी कागदावरून रस्त्यावर आणावयास मोठ्या कंपन्यांना याहून कितीतरी अधिक खर्च येतो, आणि येथें तर दहा वर्षें, एक टाकून दिलेला सांगाडा, नवा माग व नवें एंजिन. गाडी तोट्यांत विकली गेली हें उघड आहे. घेणाऱ्यानें जेवढें मोजलें त्याहून अधिक त्याच्या पदरांत पडलें. मग वरचा पैसा कोणीं भरला? ज्यांनीं टोयोटाच्या कोरोला, कॅम्री घेतल्या त्यांनीं. आपल्याकडे बंगलोरजवळ बिदादी येथें किर्लोस्करांच्या भागीदारीनें याच कंपनीचा कारखाना चालतो. तेव्हां वऱ्हाड घेऊन जाणाऱ्या आपल्या इनोव्हावाल्यानेंहि त्या श्रीमंताच्या खेळण्यास नकळत चार पैसे लावले असतील! माझा खरा आक्षेप येथें आहे. धनिकानें आपल्या पैशानें वाटेल तें घ्यावें. पण सामान्यांच्या पैशानें त्याला सवलत कां?

या आक्षेपाचें उत्तर शोधतांना मला हिरोमु नारुसे या गृहस्थांची हकीकत सांपडली. १९६३ सालीं ते टोयोटांत यंत्र-कामगार म्हणून लागले, आणि पुढें गाड्या चालवून त्यांचे गुणदोष सांगणाऱ्यांचे प्रमुख झाले. मालकांच्या घराण्यांतील अकिओ टोयोडा एकदा गाड्यांविषयीं कांहीं मत देऊं लागले, तेव्हां ज्याला गाडी चालवितां येत नाहीं त्यानें आम्हांस शिकवूं नये, अशा आशयाचे खडे बोल नारुसेंनीं त्यांस ऐकविले. धन्याच्या मुलानें राग न धरतां त्यांचें शिष्यत्व पत्करलें. २००७ सालीं गुरुशिष्य नूर्बुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतींत उतरले. शिष्यानें टोपणनांव घेतलें होतें. दोन वर्षांनीं तोच शिष्य कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि तेंहि कंपनीस प्रचंड तोटा आलेल्या वर्षीं. अशा वेळीं ही खर्चिक गाडी रद्द करणें सोपें होतें; ती रद्द झाली नाहीं. २३ जून २०१० रोजीं, पहिली गाडी गिऱ्हाइकासाठीं तयार होण्याच्या सहाच महिने आधीं, नूर्बुर्गरिंगजवळच्या साध्या रस्त्यावर याच गाडीची परीक्षा घेत असतां समोरून येणाऱ्या गाडीशीं टक्कर होऊन नारुसे वारले. त्यांचें वय ६७ होतें. जवळजवळ माझेंच वय.

बाजारानें आरंभीं या गाडीची फारशी कदर केली नाहीं. त्याच काळीं फेरारीची एक नामांकित गाडी अमेरिकेंत सुमारें सव्वादोन लाखांपासून मिळे. लेक्ससचें चिन्ह लावलेल्या गाडीस कोण एवढे पैसे देणार? २०१७ सालींसुद्धां अमेरिकेंतील दुकानांत डझनभर कोऱ्या गाड्या पडून होत्या. पुढें वारा फिरला, आणि त्या ५० विशेष गाड्यांपैकीं एकीस लिलावांत दहा लाख डॉलरांहून अधिक बोली आली. ही वाढ मी पुराव्यांत धरीत नाहीं. दुर्मिळ तिकिटालाहि लिलावांत मोल येतें, म्हणून टपालखातें चांगलें चालतें असें होत नाहीं.

विद्यार्थ्यास मीं कळविलें तें असें: वेगासाठीं घेणाराची फसगत झाली, स्वर आणि कारागिरी यांसाठीं ज्यानें घेतली त्यास ती स्वस्तांत मिळाली, आणि सामान्य गिऱ्हाइकाचा जो पैसा वर गेला त्याची परतफेड झाली कीं नाहीं, तें मोतोमाचीच्या त्या कार्यशाळेंत जाऊन पाहावें. डिसेंबर २०१२ मध्यें पांचशेंवी गाडी बाहेर पडल्यावर ती जागा कांहीं काळ रिकामी झाली. दोन वर्षांनीं तेथें हातानें जुळविली जाणारी दुसरी गाडी सुरू झाली. ती हायड्रोजनवर चालणारी, चार माणसांची, मिराई नांवाची. अमेरिकेंतील किंमत साडेसत्तावन्न हजार डॉलर. तिच्यांतील हायड्रोजनच्या टांक्यांवर कार्बनचे तंतु गुंडाळलेले असतात.

त्याचें उत्तर आलें आहे. दुसरा तट आतां मिराईच्या किंमतीवरून भांडत आहे म्हणून लिहितो.