सातव्या अध्यायाचा तास

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या आमच्या मंडळीत लग्न ठरलेल्या मुलामुलींचं समुपदेशन होतं. त्यातून शरीरसंबंधांचा तास यंदा काढून टाकला. पैसा, सासर, कौटुंबिक प्रार्थना सगळं आहे, फक्त हे नाही. ‘हल्ली मुलांना मोबाइलवर सगळं कळतं,’ असं कारण दिलं. मोबाइलवर काय कळतं हे त्या तासाला बसलेल्या जोडप्यांच्या तोंडून मी ऐकलेलं आहे, म्हणून हा निर्णय मनाला फार लागला.

नगरकडच्या माझ्या लहानपणाबद्दल सांगण्यासारखं थोडंच. तीन रविवार चर्चमध्ये लग्न जाहीर व्हायचं आणि आदल्या रात्री मावशी मुलीला ‘तो म्हणेल तसं ऐक’ एवढंच सांगायची. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याच्या धर्मांतरानंतरचा दुरावा मोकळेपणाने लिहिला. त्या पुस्तकाचा आम्हाला अभिमान, पण तो मोकळेपणा आमच्या घरांत आला नाही.

मुंबईच्या विल्सन कॉलेजचा विषय तर आमच्यात कुणी काढतच नाही. मिशनच्या त्या कॉलेजात र. धों. कर्वे गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. पुढे प्रचार की नोकरी अशी वेळ त्यांच्यावर आणली गेली आणि १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ पर्यंत चालवलं. नवरा-बायकोच्या सुखाबद्दल मराठीत बोलणाऱ्या या माणसाला दार दाखवणारे आमचेच लोक होते. शंभर वर्षं झाली, त्याची खंत मी एकाही व्यासपीठावरून ऐकलेली नाही.

या विषयावर मोकळं बोलण्याची माझी खरी वर्षं २००५ ते २०१५. आयटीच्या नोकऱ्यांमागे पुणे, नगर, सोलापूरकडची जोडपी या रस्त्यावर राहायला आली. अमेरिकेच्या वेळेचे कॉल, सासू-सासरे गावी. एक जण घरी पोहोचेपर्यंत दुसरा झोपलेला. शुक्रवारी रात्री एकेकाच्या फ्लॅटमध्ये प्रार्थना व्हायची. तिथे मिरजेहून मुलाकडे राहायला आलेल्या एका निवृत्त नर्सबाईंनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय वाचायला लावला, सलग. तोवर आम्हा बायकांना त्यातलं एकच माहीत होतं: बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार. लगेच पुढे नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा तेवढाच अधिकार सांगितलाय, आणि दूर राहायचं तर दोघांच्या संमतीनेच, हे कुठल्याच उपदेशात आलं नव्हतं.

मग माणसं बोलू लागली. अंगावर पाजणाऱ्या आईला कोरडेपणा येतो, दुखतं, त्यात तिचा रुसवा नसतो. मधुमेहाने पुरुषाची ताठरता कमी होते, त्याचं बायकोवरचं प्रेम आटलेलं नसतं. बाई हे इतक्या साधेपणाने सांगत की चाळिशीचे पुरुष मान वर करून प्रश्न विचारत. एका मुलीला गावात वांझ म्हणत होते. त्या दोघांत कधी संबंधच आलेला नव्हता. नवरा-बायको दोघंही डॉक्टरकडे गेले. ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने असा संबंध हेतुपुरस्सर नाकारणं हे कारण म्हणून घातलेलं आहे. कोर्टात वकिलासमोर जे बोलावं लागलं असतं, ते आमच्याकडे चहा पिता पिता बोलता आलं.

नंतर जोडपी कॅनडाला गेली, बाई मिरजेला परतल्या. मंडळी मोठी झाली, मोठा पडदा आला, बँड आला. तरुणांना शुद्धतेवर उपदेश मिळू लागले, लग्न झालेल्यांना काहीच नाही. आणि इकडे पोप फ्रान्सिसनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या उपदेशपत्रात पती-पत्नीच्या शरीरसुखाला देवाची देणगी म्हटलं. माझ्या कॅथलिक शेजारणीने ते पान मला उघडून दाखवलं.

पाळकसाहेबांना मी पत्र दिलंय: तो तास परत सुरू करा. घ्यायला कोणी नसेल तर मी घेते. बाईंच्या वहीतली टिपणं माझ्याकडे आहेत, आणि पुढच्या महिन्यात मंडळीत दोन लग्नं आहेत.