झडप बदलली, रक्त तेच

बारामती-इंदापूरच्या रुग्णाचं हृदयाची झडप बदलायचं ऑपरेशन बहुधा पुण्या-मुंबईत, एकदाच होतं. रक्त पातळ करायची गोळी मात्र घरी परतल्यावर रोज, आणि झडप धातूची असेल तर जन्मभर. असं का?

रक्ताला परकं कसं कळतं

रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं. रक्त गोठू नये म्हणून ते नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्यं सोडत राहतं. धातूला हे जमत नाही. काही सेकंदांतच त्यावर रक्तातली प्रथिनं चिकटतात. त्यातल्या फायब्रिनोजेनला प्लेटलेट्स धरतात आणि गुठळीची सुरुवात होते. प्रवाहही महत्त्वाचा. उसाच्या चारीत पाणी थबकलं की गाळ बसतो, तसं झडपेच्या बिजागरीपाशी रक्त रेंगाळलं की गोठतं. उलट फार घुसळलं तर तांबड्या पेशी फुटतात.

चित्रा झडप

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने हे गणित वर्षानुवर्षं सोडवलं. आधीची मॉडेलं बाद झाली. चौथं 6 डिसेंबर 1990 रोजी माणसात बसलं. कोबाल्ट-क्रोमियमच्या चौकटीत पॉलिथिलीनची तिरपी उघडणारी चकती. तरीही गोळी सुटली नाहीच.

गोळी आली गोठ्यातून

दुधावर चालणाऱ्या या तालुक्यांना ही हकीकत जवळची वाटावी. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातल्या द्रव्याच्या शोधातून वॉरफेरिन, म्हणजे हीच रक्त पातळ करायची गोळी, निघालं; 1948 मध्ये आधी उंदरांचं विष म्हणून, नंतर औषध म्हणून. शेतातल्या उंदरांसाठीचं ब्रोमॅडिओलोन याच कुळातलं. ही द्रव्यं रक्त गोठायला लागणाऱ्या जीवनसत्त्व ‘के’चं काम अडवतात, म्हणूनच आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी. निरोगी माणसात आयएनआर 1 च्या आसपास असतो. धातूच्या झडपेला साधारण 2 ते 3.5, जागेनुसार. ‘के’ असलेली मेथी-पालक बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं हवं. खरी भीती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांची. त्यांनी रक्तस्राव वाढतो.

मग गुरांच्या ऊतीची झडप?

तिला सहसा जन्मभर गोळी लागत नाही. पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुणांत आणखी लवकर. आपल्याकडे लहानपणीच्या घसादुखीतून होणाऱ्या संधिवाती तापाने तरुणपणीच झडपा खराब होतात, तिथे निवड अवघड. त्यातून वॉरफेरिन गर्भाला घातक ठरू शकतं. पुढे मूल हवं असलेल्या मुलीने हा विषय ऑपरेशनआधीच सर्जनकडे काढावा.