छायाचित्रांचा रंग कोठें जातो ?

श्रावणांत चिखलदऱ्याची सहल करून परतलेल्या अमरावतीकरांना एक निराशा बहुधा ठाऊक असते. डोंगरावर असतांना डिजिटल कॅमेऱ्याच्या पाठीवरील चिमुकल्या पडद्यावर पाहिलेलें छायाचित्र हिरव्या तेजानें नुसतें रसरसत होतें. घरीं आल्यावर मंडळी संगणकाभोंवतीं जमतात, तेंच चित्र मोठ्या पडद्यावर उघडतें, आणि मेळघाटचें ओलें रान धुळीनें माखल्यासारखें दिसतें. मग कोणी कॅमेऱ्याला दोष देतो, कोणी चित्र काढणाराला. पुष्कळदां दोघेही निर्दोष असतात. दोष असतो तो मापाचा.

डिजिटल छायाचित्रांत रंग सांठविलेला नसतो. रंगाचे आंकडे सांठविलेले असतात. चित्राचे लक्षावधि सूक्ष्म ठिपके पाडून प्रत्येक ठिपक्यास लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचे तीन आंकडे दिलेले असतात. नेहमींच्या जेपेग चित्रांत हा आंकडा ० पासून २५५ पर्यंत असतो. परंतु २५५ हिरवा म्हणजे नक्की किती हिरवा, हें नुसत्या आंकड्यावरून कळत नाहीं. त्याला कांहीं तरी ठरलेलें माप लागतें.

मेट्रिक मापें रूढ होण्यापूर्वीं वऱ्हाडांतील धान्याचा व्यवहार पायली-कुडवांनीं चाले, आणि एका गांवची पायली दुसऱ्या गांवच्या पायलीशीं मिळेलच असा नेम नसे. मोठ्या पायलीनें ज्वारी मोजून कोणीं चिठ्ठीवर नुसतें ‘दहा पायल्या’ असें लिहून दिलें, आणि घेणारानें तो आंकडा आपल्या लहान पायलीचा समजून हिशेब केला, तर कागदावर धान्य कमी भरे. ज्वारी तीच, आंकडाही तोच. केवळ माप सांगावयाचें राहिलें.

रंगांच्या बाबतींत हेंच घडतें. ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनीं १९९६ सालीं सामान्य पडद्यांना झेपेल असें एक माप सुचविलें. १९९९ सालीं त्यास आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्याचें नांव एस-आर-जी-बी. १९९८ सालीं ॲडोबी कंपनीनें छपाईच्या सोयीसाठीं ॲडोबी आर-जी-बी हें त्याहून मोठें माप पुढें आणलें. हिरव्या व निळसर हिरव्या छटांना त्यांत विशेष वाव आहे. पुष्कळ चांगल्या कॅमेऱ्यांत या दोहोंपैकीं कोणतें वापरावें हें ठरविण्याची सोय असते.

लहान मापांतील शुद्ध हिरवा रंग ०, २५५, ० असा लिहितात. तोच रंग मोठ्या मापांत १४४, २५५, ६० असा लिहावा लागतो. आतां हे दुसरे आंकडे एखाद्या प्रोग्रामनें लहान मापाचे समजून वाचले, तर हिरव्यांत नको तेवढा लाल व निळा प्रकाश मिसळतो आणि पडद्यावर फिकट पोपटी रंग उमटतो. लालाचे २५५ मोठ्या मापांत २१९ होतात. ते तसेच वाचले गेले, तर फाल्गुनांतील पळसही मंदावतो.

चित्र कोणत्या मापानें लिहिलें आहे हें सांगणारी चिठ्ठी चित्रासोबतच जोडलेली असते; तिला प्रोफाइल म्हणतात. आजचे बहुतेक चांगले प्रोग्राम ती वाचतात. परंतु कांहीं साधे प्रोग्राम तिच्याकडे पाहत नाहींत, आणि चित्र एकाकडून दुसऱ्याकडे जातांना ती वाटेंत गळूनही पडते. २०१६ च्या आयफोन ७ पासून कांहीं मोबाइल फोनही डिस्प्ले पी-थ्री नांवाच्या मोठ्या मापांत चित्रें घेऊं लागले आहेत. त्यामुळें हा प्रश्न आतां केवळ मोठ्या कॅमेऱ्यांचा राहिलेला नाहीं.

तो केवळ हौसेचाही नाहीं. अकोल्याकडे कपाशीचें पान लाल होऊं लागलें, तर तें तुडतुड्यांनीं रस शोषल्यामुळें, कीं अन्नद्रव्यांच्या कमतरतेनें येणाऱ्या ‘लाल्या’मुळें, हें ठरवितांना जाणकार मनुष्य पानाच्या छटा बारकाईनें पाहतो. शेतकऱ्यानें पाठविलेल्या चित्रांत त्या छटाच बदलल्या असतील, तर त्याचा अंदाज चुकण्याचा संभव असतो, आणि नको त्या फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथीं बसतो. अशा वेळीं पानाशेजारीं कोरा पांढरा कागद ठेवून चित्र घेतल्यास पाहणाराला तुलनेस आधार मिळतो.

फिकेपणास आणखी दोन कारणें आहेत. कांहीं हौशी लोक ‘रॉ’ म्हणजे कच्च्या स्वरूपांत चित्रें घेतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना दिसतें तें कॅमेऱ्यानेंच रंग व उठाव चढवून तयार केलेलें रूप. संगणकावर मात्र कच्चा माल उघडतो. वरण शिजलें पण फोडणी पडली नाहीं, अशी त्याची अवस्था असते. त्यांत कस भरपूर असतो. जेपेगमध्यें प्रत्येक प्रकाशाच्या पायऱ्या २५६. १४ बिटांच्या कच्च्या चित्रांत त्या १६,३८४. परंतु हा कस योग्य संस्कारानंतरच डोळ्यांना दिसतो.

दुसरें कारण पडद्याचें व खोलीचें. भर उन्हांतील पांढऱ्या कागदाची दीप्ति सामान्य संगणकाच्या पडद्यावरील पांढऱ्या रंगाच्या सुमारें शंभर पट असते. तेव्हां उन्हाची झळाळी जशीच्या तशी पडद्यावर उतरणें शक्यच नाहीं. त्यांत खिडकीचा उजेड पडद्यावर पडला, कीं काळा रंग करडा होतो आणि सारे रंग पांढुरके भासतात. स्वस्त पडद्याकडे तिरकें पाहिल्यासही असेंच होतें.

खरें कारण ओळखण्याची रीत सोपी आहे. तेंच चित्र त्याच संगणकावर दोन निरनिराळ्या प्रोग्रामांत उघडावें. रंगांत फरक पडला, तर घोटाळा मापाचा समजावा. दोहोंत सारखेंच फिकें दिसून दुसऱ्या संगणकावर चांगलें दिसलें, तर दोष पडद्याचा किंवा उजेडाचा. केवळ कच्चीं चित्रेंच निस्तेज असलीं, तर त्यांवर संस्कार व्हावयाचे आहेत इतकेंच.

उपायही त्याप्रमाणेंच करावा. ज्यांना चित्रें घरीं पाहावयाचीं व आप्तांना पाठवावयाचीं आहेत, त्यांनीं कॅमेऱ्यांत एस-आर-जी-बी हेंच माप ठेवावें. पूर्वीं मोठ्या मापांत घेतलेलीं चित्रें प्रोफाइल वाचणाऱ्या प्रोग्रामांतून लहान मापांत रूपांतरित करावीं. येथें नुसती चिठ्ठी बदलून भागत नाहीं. आंकडेही नव्या मापाप्रमाणें पुन्हां लिहिले गेले पाहिजेत. पडदा खिडकीसमोरून हलवावा व त्याचें तेज खोलीच्या उजेडास साजेसें करावें.

एक गोष्ट मात्र कटाक्षानें टाळावी. चित्र फिकें दिसलें म्हणून त्याचे रंग भडक करून मूळ चित्रावरच सांठवूं नयेत. पुढें योग्य मापानें उघडल्यावर तेंच चित्र डोळ्यांना बोचूं लागतें, आणि भडकपणांत बुजलेल्या बारीक छटा परत येत नाहींत. लग्नमुंजींचीं किंवा आतां हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांचीं चित्रें पुन्हां काढतां येत नाहींत. म्हणून सारे प्रयोग प्रतीवर करावे व मूळ चित्र जसेंच्या तसें जपून ठेवावें. त्यांतील आंकडे शाबूत आहेत तोंवर फिका दिसणारा रंग गेलेला नसतो; तो योग्य मापानें वाचला जाण्याची वाट पाहत असतो.