आपली घटना, भाग ९ : नवी घटनासमिती बोलावली तर?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वाशीम, मंगरूळपीर, कारंजा या भागात सोयाबीनच्या भावाइतकीच चर्चा एका गोष्टीची होती : घटना बदलणार. कोण बदलणार आणि कशी, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. एका बाजूने भीती घातली, दुसऱ्या बाजूने 'कोणाच्या बापाला बदलता येणार नाही' असे ठणकावले, आणि मतदान उरकले.

गेल्या भागात कलम ३६८ पाहिले. दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश, शिवाय एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि काही विषयांत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती, एवढे जमले की दुरुस्ती होते. त्यावर १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने कुंपण घातले : दुरुस्ती करा, पण मूलभूत चौकट मोडू नका. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. संसद बाजूला ठेवून, केवळ घटनेसाठी निवडलेली नवी समिती बोलावता येईल का, आणि बोलावली तर पदरात काय पडेल?

आपल्या घटनेत तशी तरतूद नाही. तरी ही कल्पना एकदा चक्क सर्वोच्च न्यायालयातून आली. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच मतांनी निकाल लागला की संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही. मग काळाची गरजच पडली तर? सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी वाट सुचवली : संसदेने आपल्या उर्वरित अधिकारात नवी घटनासमिती बोलवावी. हक्क वाचवायला निघालेल्या न्यायाधीशांनी, सगळेच हक्क एका झटक्यात जाऊ शकतील असे दार दाखवून ठेवले, असे मला वाटते. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांना हा निकालच मान्य नव्हता. दुरुस्तीचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेकडेच हवा, म्हणून त्यांनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. १९७१ च्या जानेवारीत नाथ पै गेले, आणि त्याच वर्षी चोविसाव्या दुरुस्तीने त्यांना हवे होते ते केले.

ते दार ढकलून पाहण्याचा प्रयत्न झाला आणीबाणीत. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश अशा काँग्रेसच्या ताब्यातल्या विधानसभांनी नवी घटनासमिती बोलवा असे ठराव केले. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, लोकसभेची मुदत संपूनही ती वाढवलेली होती. त्या दिवसांत घटनासमिती बसली असती तर तिच्यात कोण बसले असते, हे सांगायला ज्योतिषी नको. इंदिरा गांधींनी ती वाट घेतली नाही, बेचाळिसाव्या दुरुस्तीवर भागवले. तीही साधी नव्हती. लोकसभेची मुदत सहा वर्षे केली, शिक्षण आणि वने राज्यांच्या सूचीतून समवर्ती सूचीत नेली, आणि घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही असे लिहून टाकले.

पण ती दुरुस्ती होती, म्हणून उलटवता आली. १९७७ मध्ये जनतेने सरकार बदलले. (वाशीम मतदारसंघाने मात्र त्या लाटेतही काँग्रेसच्या वसंतराव नाईकांनाच दिल्लीला पाठवले.) त्रेचाळिसाव्या आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने बरेचसे पूर्ववत केले, लोकसभा पुन्हा पाच वर्षांची झाली. न्यायालयाला दूर ठेवणारे कलम १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द झाले. आता अशी कल्पना करा की १९७६ मध्ये नवी घटनाच लिहिली गेली. मिनर्व्हा मिल्सच्या वकिलांनी कोणत्या घटनेचा आधार घेतला असता? मूलभूत चौकटीचे बंधन जुन्या घटनेतून निघते. नवी घटना लिहायला बसलेल्यांना ते लागू आहे असे न्यायालयाने म्हटले तरी, ते न्यायालयसुद्धा त्याच जुन्या घटनेने जन्माला घातलेले. नव्या घटनासमितीचे आकर्षण ज्यांना वाटते, त्यांतल्या अनेकांना नेमके हेच हवे असते.

तरीही या कल्पनेत काहीच राम नाही असे मी म्हणणार नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून खासदाराला घटनादुरुस्तीवरही पक्षादेशाबाहेर मत देता येत नाही. दिले तर खासदारकी जाऊ शकते. हा पक्षादेश किती नाजूक असतो ते आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिले. शिवसेना फुटल्यावर २०२२ च्या जुलैत यवतमाळ-वाशीमच्या तेव्हाच्या खासदार भावना गवळी यांना ठाकरे गटाने लोकसभेतल्या प्रतोदपदावरून काढून राजन विचारेंना नेमले, शिंदे गटाने गवळींनाच मुख्य प्रतोद ठरवले. म्हणजे आदेश कोणाचा पाळायचा हाच वाद. पक्षाच्या दावणीतून सुटलेली, एकाच कामासाठी निवडलेली आणि काम संपले की घरी जाणारी समिती ही त्यावर खरी सुधारणा आहे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात हाच फरक दाखवला होता : घटनासमितीला घटना कार्यक्षम करण्यापलीकडे स्वार्थ नाही, उद्याची संसद मात्र आपल्या पक्षाच्या कायद्यांच्या आड येणारी कलमे दुरुस्त करू पाहील. खासदारांना स्वतःच्याच गैरसोयीची दुरुस्ती करावीशी वाटणार नाही, हेही उघड आहे.

पण समितीत बसणार कोण? १९४६ च्या घटनासमितीत साधारण दहा लाख लोकसंख्येमागे एक जागा होती. सभासद प्रांतिक विधानसभांनी निवडले, आणि त्या विधानसभांसाठी मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण यांवर ठरत होता. मध्य प्रांत-वऱ्हाडातून पंजाबराव देशमुख गेले, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी गेले. वाशीमच्या शेतमजुराला मात्र मतच नव्हते. जागांचे गट तीन : सर्वसाधारण, मुस्लिम, शीख. अनुसूचित जातींसाठी वेगळ्या जागा नव्हत्या, म्हणून आंबेडकरांना बंगालमधून निवडून यावे लागले, आणि फाळणीत ती जागा गेल्यावर मुंबईतून. नवी समिती प्रौढ मतदानाने निवडली तर ती पहिलीपेक्षा अधिक लोकांची असेल, हे निर्विवाद. पण जुनेच माप लावले तर २०११ च्या जनगणनेत ११ लाख ९७ हजार लोकसंख्या असलेल्या आपल्या जिल्ह्याला एक सभासद मिळेल, आणि देशाला बाराशेच्या आसपास. आज वाशीमची विधानसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे ती घटनेमुळे. घटना लिहायला बसणाऱ्या समितीत राखीव जागा असतील की नाही, हे कोणत्या कायद्याने ठरवायचे?

जमलेल्या समितीला दावे लावता येत नाही, हेही जगाने पाहिले आहे. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकी राज्यांचे प्रतिनिधी जुना करारनामा सुधारायला जमले आणि तो बाजूला सारून नवी घटना लिहून उठले. जुन्या करारात बदलाला तेराही राज्यांची संमती लागे. यांनी नऊ पुरेत असे ठरवले. त्याच घटनेच्या पाचव्या कलमात पुन्हा अशी परिषद बोलावण्याची सोय आहे, त्यासाठी आज ३४ राज्यांनी मागणी करावी लागेल. ती वेळ अद्याप आलेली नाही, सगळ्या २७ दुरुस्त्या तिथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकी काँग्रेसने, सुचवलेल्या. धाकाचा उपयोग मात्र झाला : सिनेटर थेट लोकांनी निवडावेत यासाठी राज्यांनी परिषदेची मागणी रेटली, तेव्हा कुठे सिनेट हलली आणि १९१३ मध्ये सतरावी दुरुस्ती आली. चिलीत २०२० मध्ये ७८ टक्के लोकांनी नवी घटना हवी म्हटले आणि २०२२ मध्ये ६२ टक्क्यांनी तयार झालेला मसुदा फेटाळला. २०२३ चा दुसरा मसुदाही पडला. नेपाळची पहिली घटनासमिती चार वर्षे बसून २०१२ मध्ये घटनेविना विसर्जित झाली.

पण भारतातच, आपल्या घटनेच्या छत्राखाली, एक वेगळी घटनासमिती बसली होती, आणि तिच्या राज्यातल्या माणसाला वाशीमने दोनदा खासदार केले आहे. १९८० आणि १९८४ मध्ये येथून निवडून आलेले गुलाम नबी आझाद मूळचे जम्मू-काश्मीरमधल्या डोड्याचे. त्या राज्याची घटनासमिती १९५१ मध्ये निवडली गेली. ७५ पैकी ७३ जागा बिनविरोध. दोन वर्षांत तिचे सर्वांत मोठे नेते शेख अब्दुल्ला पदच्युत होऊन अटकेत गेले. समितीने १७ नोव्हेंबर १९५६ ला राज्यघटना स्वीकारली आणि १९५७ च्या जानेवारीत ती संपली. राज्याला विशेष दर्जा देणारे कलम ३७० रद्द करायचे तर याच समितीची शिफारस हवी, असे त्या कलमात लिहिलेले, आणि शिफारस न करताच समिती उठून गेली. ५ ऑगस्ट २०१९ ला केंद्राने 'घटनासमिती'च्या जागी 'विधानसभा' वाचावे असा आडमार्ग काढला. तेव्हा राज्यसभेत विरोधी पक्षनेते होते आझादच. ११ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो आडमार्ग चुकीचा ठरवला, पण शिफारशीवाचूनही राष्ट्रपतींना अधिकार होता म्हणून कलम ३७० रद्द करणे कायम ठेवले. ५ ऑगस्टबद्दल मत काहीही असो. समिती विसर्जित झाल्यानंतर ६६ वर्षांनीही तिच्या गैरहजेरीचा अर्थ कोर्टात लावावा लागला.

याउलट १९९२ ची त्र्याहत्तरावी दुरुस्ती घ्या. ना परिषद ना नवी समिती; संसदेने केली, राज्यांनी संमती दिली आणि ग्रामपंचायतीत बायका खुर्चीवर बसल्या. तिच्यात एक ढिले टोक राहिले : इतर मागासवर्गीयांच्या जागा राज्यांनी ठरवाव्यात. जानेवारी २०२० मध्ये वाशीम जिल्हा परिषदेची निवडणूक झाली, ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने एकूण आरक्षण ५० टक्क्यांपुढे नेणाऱ्या ओबीसी जागांवरील निवड रद्द केली, आणि ५ ऑक्टोबरला त्या जागांसाठी पुन्हा मतदान झाले. निवडून आलेल्यांच्या खुर्च्या गेल्या, गावोगाव संताप झाला. पण प्रश्न कुठे अडकला आणि तो कोणत्या दारी न्यायचा, हे प्रत्येकाला माहीत होते.

आता मराठा आणि ओबीसी दोन्ही बाजूंच्या सभांमध्ये ५० टक्क्यांची मर्यादा उठवणारी घटनादुरुस्ती मागितली जाते. तिला घटनासमिती लागत नाही, कलम ३६८ पुरते. गंमत अशी की ही मर्यादा मूळ घटनेच्या मजकुरात कुठेच लिहिलेली नव्हती. ती १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने पक्की झाली. त्या निकालाविषयी पुढच्या आठवड्यात.